कलशात पाणी हवेच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या नवरात्रात आमच्या सोसायटीच्या घटस्थापनेला बाजारातून आणलेला तयार कलश चौरंगावर मांडला होता. सोनेरी मणी, कापडाची आंब्याची पाने आणि वर फायबरचा नारळ, तोही कलशाच्या तोंडाला पक्का चिकटवलेला. गुरुजींनी 'कलशस्य मुखे विष्णुः' म्हटले, मग गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू आणि कावेरी यांना 'जलेऽस्मिन् सन्निधिं कुरु', म्हणजे 'या पाण्यात येऊन राहा', अशी विनवणी केली, आणि त्या कलशात पाण्याचा थेंब नव्हता. मला फार वाईट वाटले.

कलशाचे सारे मांगल्य त्या पाण्याचे आहे. पुण्यात नळाला खडकवासल्याचे, म्हणजे मुठेचे पाणी येते. मुठा पुढे भीमेतून कृष्णेला मिळते आणि कृष्णेचे तर या श्लोकात नावही नाही. तरीही त्र्यंबकेश्वरची गोदावरी, अमरकंटकची नर्मदा आणि डोळ्यांना न दिसणारी सरस्वती आपल्या तांब्यातल्या या साध्या पाण्यात येतात, ही श्रद्धा मला अतिशय मोलाची वाटते. पूजा झाल्यावर आंब्याच्या डहाळीने हेच पाणी घरभर शिंपडायचे असते. कापडाच्या पानांनी काय शिंपडणार?

नवरात्रातल्या घटाचा अर्थ तर डोळ्यांसमोर उगवतो. माझ्या आजोळी परडीत काळी माती पसरून त्यात गहू, ज्वारी, हरभरा अशी धान्ये पेरत आणि मधोमध पाण्याने भरलेले मातीचे मडके ठेवत. मडके सच्छिद्र असल्याने पाणी हळूहळू पाझरे, मातीला ओल मिळे आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पिवळसर कोंब वर येत. कोणते धान्य जोमाने उगवले आहे, हे आजी वाकून निरखून पाही. दसऱ्याला तेच तुरे देवाला वाहून पुरुष मंडळी टोपीत खोवत. मडके पाझरले नाही तर हे काहीच घडत नाही.

शोभेचा कलश दारात किंवा कमानीवर जरूर असावा, त्याला माझी हरकत नाही. पूजेला मात्र पाणी भरता येईल असा तांब्याचा किंवा मातीचा कलश आणि सोलता येईल असा नारळ असावा, अशी मंडळांना आणि सोसायट्यांना माझी कळकळीची विनंती आहे. या वर्षी आमच्या सोसायटीसाठी कसब्यातल्या कुंभारवाड्यातून घट आणि शेतातली काळी माती मी स्वतः आणून देणार आहे, आणि समितीने त्याला होकार दिला आहे.

आपली नम्र,
एक वाचक, पुणे