ज्वारीच्या चिप्सच्या पाकिटावरील लाल हृदयाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : १५० ग्रॅमच्या ज्वारी चिप्सच्या पाकिटावरील दिशाभूल करणारा मजकूर

महोदय,

माझ्या वडिलांची उभी हयात यंत्रमागावर गेली. आठ महिन्यांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. दिवसभराचे सगळे मिळून मीठ चहाच्या एका चमच्याच्या, म्हणजे ५ ग्रॅमच्या, आतच राहिले पाहिजे, असे डॉक्टरांनी बजावले आहे. तेव्हापासून आईने शेंगा चटणी अळणी केली, लोणच्याची बरणी माळ्यावर गेली.

अशात नवी पेठेतल्या दुकानात तुमचे पाकीट दिसले. समोर ज्वारीचे कणीस, शेजारी लाल हृदय आणि ठळक अक्षरांत ‘कोलेस्टेरॉल नाही’. वडील म्हणाले, “ज्वारीचंच हाय की रे, घे.” मीही घेतले. दीड महिना दर दोन दिवसांना एक पाकीट संपत होते.

परवा भिंग घेऊन पाकिटाची मागची बाजू वाचली. चांदीसारख्या पन्नीवर तिळाएवढी इंग्रजी अक्षरे, त्यातली निम्मी चिकटवलेल्या घडीखाली. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. तुमच्या यादीत पहिले तांदळाचे पीठ, दुसरे पामतेल, तिसरी ज्वारी, तीही १४ टक्के. मंगळवेढ्याची मालदांडी खाऊन वाढलेल्या माणसांना ही ज्वारी विकता, याचे नवल वाटते.

आता मिठाचे. १०० ग्रॅममध्ये सोडियम ९०० मिलिग्रॅम. त्याच्या शेजारी एका सर्व्हिंगचा हिशेब : २० ग्रॅम, दिवसाच्या मर्यादेच्या ९ टक्के. वाचणाऱ्याला वाटावे, नऊच टक्के! मी २० ग्रॅम मोजून बघितले, सात चिप्स भरल्या. सात चिप्स खाऊन पाकीट दुमडून ठेवणारा माणूस सोलापुरात तरी मला भेटलेला नाही. अख्ख्या पाकिटाचा हिशेब केला तर सोडियम १३५० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ३.४ ग्रॅम मीठ. वडिलांचे रोजचे अर्धे पाकीट धरले तरी दिवसाच्या मिठाचा तिसरा हिस्सा चहासोबतच संपत होता. आमटी-भाकरी अजून बाकीच.

‘कोलेस्टेरॉल नाही’ हे खरे आहे, पण ते कुठल्याच वनस्पती तेलात नसते. पामतेलातली जवळपास निम्मी चरबी संपृक्त असते आणि रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल तीच वाढवते. पाकिटात ती १८ ग्रॅम आहे. लेबलच्या नियमांत दिवसाला २२ ग्रॅमचा हिशेब धरलेला आहे. हा आकडा मात्र हृदयाच्या चित्राजवळ कुठे दिसला नाही.

तुमच्या हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा उत्तर मिळाले, “सर, सगळी माहिती मागे छापलेली आहे.” छापलेली आहे, हे मलाही मान्य आहे. फ्रान्समध्ये २०१७ पासून पाकिटाच्या समोर ए ते ई अशी रंगीत श्रेणी छापतात. चिलीत २०१६ पासून मीठ, साखर, चरबी जास्त असलेल्या मालावर काळा अष्टकोनी शिक्का सक्तीचा आहे. तिथल्या म्हाताऱ्यांना भिंग लागत नसावे.

माझ्या मागण्या अशा. हृदयाचे चित्र काढा. ज्वारी १४ टक्के असेल तर नावाशेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरांत तसे लिहा. अख्ख्या पाकिटातले मीठ आणि संपृक्त चरबी समोर, मराठीतही छापा. पैसे परत नकोत.

पाकिटाचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि दुकानाची पावती सोबत जोडली आहे. १५ दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडे हीच कागदपत्रे देईन. एक रिकामे पाकीट जपून ठेवले आहे. बाकीची आईने फेकून दिली.

आपला,
एक ग्राहक, सोलापूर