आण्णा, पोरांची आधार कार्डं आधी परत द्यायला लावा

लेस्टर, 9 नोव्हेंबर 2025

ती. आण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

आईकडून खुशाली कळली. गुडघ्याचं औषध मध्येच बंद करू नका. परवा फोनवर आवाज तुटत होता, म्हणून जे बोलायचं राहिलं ते लिहून पाठवते. दादालाही वाचायला द्या, त्याच्यापासून लपवायचं काही नाही.

दादा सांगत होता, यंदा आपल्या घरसामान हलवायच्या कामाला नवा ठेकेदार धरलाय. पोरं ओडिशाकडची. प्रत्येकाला आधी उचल दिलेली, पगार ठेकेदाराच्या खात्यावर, आणि हरवू नयेत म्हणून आधार कार्डंही त्याच्याचकडे. दर मात्र मार्केट यार्डातल्या हमालांच्या निम्म्यावर. दादाला हे सोयीचं वाटतंय. मला त्या रात्री झोप लागली नाही, कारण इथे माझं काम नेमकं हेच बघायचं आहे.

आमची कंपनी छोटी. घरं, ऑफिसं हलवायची, सामान बांधायचं, गोदामात ठेवायचं. आधुनिक गुलामगिरीविरुद्धच्या इथल्या 2015 च्या कायद्यानुसार वर्षाला 3 कोटी 60 लाख पौंड किंवा त्याहून जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांनाच दरवर्षी जाहीर निवेदन काढावं लागतं. आम्ही त्याच्या जवळपासही नाही. गुन्हा मात्र लहान-मोठ्या सगळ्यांना सारखाच. शिवाय मोठी गिऱ्हाइकं काम देण्याआधी विचारतात: तुमची माणसं कुठून येतात, खोके आणि गणवेश कुणाकडून घेता? ती उत्तरं मी लिहिते, आणि खोटं लिहायचं नाही म्हणून आधी जाऊन बघते.

उन्हाळ्यात काम वाढलं की आम्ही हंगामी माणसं घेतो. यंदा तिघांचे फॉर्म माझ्या टेबलावर आले. नावं वेगळी, पण बँकेचा खाते क्रमांक एकच, फोन नंबर एकच, अक्षरही एकाच माणसाचं. भेटायला आले तेव्हा बरोबर एक चौथा होता. सगळं तोच बोलला, ही तिघं खाली मान घालून उभी. मालकीणबाईंनी कुणाला बोलावून जाब विचारला नाही. तसं केलं की संध्याकाळी खोलीवर मार त्या पोरांनाच बसतो. त्यांनी सरळ गुलामगिरीविरोधी हेल्पलाइनला फोन लावला. पुढे पोलिसांनी स्वतःचा दुभाषी आणून एकेकाशी वेगवेगळं बोलणं केलं, तेव्हा एकाने सांगितलं की प्रवासाचे आणि खोलीचे पैसे फिटेपर्यंत पगार त्या चौथ्याचा. किती फिटले, किती राहिले, हे त्याला कधी दाखवलंच नव्हतं.

इथून जवळच, वेस्ट मिडलँड्समध्ये, याच पद्धतीने एका टोळीने चारशेहून जास्त पोलिश माणसं राबवली. बेघर, व्यसनी, तुरुंगातून सुटलेली माणसं गाठून आणायची आणि शेतांवर, कारखान्यांत कामाला लावायची. 2019 मध्ये आठ जणांना दोषी ठरवलं गेलं. आण्णा, यात मला सगळ्यात जास्त लागलं ते हे की त्यांच्या नावाने बँकेत खाती होती, त्यांत पगार जमा होत होता, पण खाती टोळीच्या ताब्यात होती. पगार दिला म्हणजे तो माणसाला पोचला, असं मालकाला समजता येत नाही.

माल आणि सेवा घेतो तिथेही तेच. आमच्या व्हॅन एका ठिकाणी हाताने धुवून मिळायच्या, दहा पौंडांत. थंडीत बिनमोज्यांचे हात, ओले बूट, चार पोरं, अर्धा तास. म्हणजे दोन तासांची मजुरी. इथलं किमान वेतन एप्रिल 2025 पासून ताशी 12.21 पौंड आहे, म्हणजे नुसत्या मजुरीचेच 24 पौंड होतात. पाणी, साबण, जागेचं भाडं वेगळंच. एवढ्या स्वस्तात धुवून मिळतं तेव्हा उरलेले पैसे कुणाच्या तरी अंगातून काढलेले असतात. आम्ही तेही कळवलं, आणि गाड्या तिथे न्यायच्या बंद केल्या.

उचलीचं तुम्हाला मी काय सांगावं. आत्ता ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला असेल, शिरोळकडच्या फडांवर बीडची माणसं आली असतील. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल, आणि हंगामात फिटली नाही तर ती पुढच्या वर्षाच्या मानेवर. सगळे मुकादम वाईट असतात असं मी म्हणत नाही. पण वही एकट्याच्या हातात असली की माणूसही त्याच्याच हातात जातो.

आपल्याकडे कायदा नाही असंही नाही. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने बंद आहे. तसलं कर्ज त्या कायद्याने रद्दच होतं, आणि राबवून घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. 1982 मध्ये दिल्लीतल्या एशियाड खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं हीसुद्धा घटनेच्या 23 व्या कलमाखाली सक्तीची मजुरीच. आणि हमालांसाठी तर अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून 1969 चा माथाडी कायदा झाला. मालकाने मजुरी आणि लेव्ही, म्हणजे कामगारांच्या सोयींसाठीचा जादा टक्का, माथाडी बोर्डात भरायची, बोर्डाने ती कामगाराला द्यायची, मध्ये मुकादम नाही. इथे मी लोकांना हे सांगते तेव्हा मला अभिमान वाटतो. म्हणूनच आपल्याच गाड्यांवर असं चाललेलं मला सोसत नाही. लहानपणी मी ऑफिसात अभ्यासाला बसायचे तेव्हा तुम्ही शनिवारी प्रत्येक हमालाला नाव घेऊन बोलवायचे आणि पैसे त्याच्या हातात मोजून द्यायचे. ती पद्धत सोडू नका.

तर एवढं करा. आधार कार्डं ज्याची त्याला, याच आठवड्यात. पगार पोराच्या स्वतःच्या खात्यावर, आणि खातं तोच वापरतो ना हे बघा. उचल किती, कापली किती, ते त्याच्या भाषेत लिहून त्याला द्या. पोरांशी ठेकेदाराच्या माघारी बोला, ओडिया येणारा माणूस शिरोली एमआयडीसीत सहज मिळेल. राहतात कुठे, ते दादाने स्वतः जाऊन बघावं. ठेकेदाराला एकदम हाकलू नका, नाहीतर तो पोरांना कर्जासकट दुसरीकडे घेऊन जाईल. आधी पोरांना आपल्याकडे थेट कामाला घ्या, माथाडी बोर्डात नोंदणीचं विचारा. त्याने दमदाटी केली तर जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी तक्रार द्या, ती पोहोचल्याची सही घ्या.

दर वाढवावा लागेल आणि दोन-चार गिऱ्हाइकं जातील, हे मला कळतं. जाऊ देत. पहिले काही महिने लागेल तेवढा फरक मी पाठवते, त्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे आहेत.

पोरांशी बोलणं झालं की लगेच कळवा, रविवारी मी फोनची वाट बघते. आईला आणि आजीला नमस्कार, दादाच्या पिल्लांना गोड पापा.

तुमची,
वैशाली