स्पीकर जोडण्याआधी थांबवलेत, त्याबद्दल

आदरणीय तात्यांस,
सादर नमस्कार.

गेल्या मे महिन्यात वेंगुर्ल्याहून कुडाळला एसटीने मांडीवर एक जड खोके घेऊन आलेला मनुष्य आपल्याला आठवत असेल. त्या खोक्यात माझ्या वडिलांनी १९७९ साली आखातातून आणलेला जपानी स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर होता. आपण त्यासाठी तीन रविवार दिलेत, मजुरी म्हणून एक पैसाही घेतला नाहीत, आणि सुट्या भागांचे पैसे तेवढे पावतीसह मागितलेत. घरी बोलावून आभार मानायचे राहून गेले, म्हणून हे पत्र. ते खुले ठेवण्याचे कारण असे की आपल्या दोन्ही जिल्ह्यांत कितीतरी घरांच्या माळ्यांवर असे अ‍ॅम्प्लिफायर पडून आहेत, त्यांचे मूळ स्पीकर पावसाळी हवेने केव्हाच गेले आहेत, आणि आपण मला जे शिकवलेत ते त्या घरांनाही उपयोगी पडेल.

मी आलो तेव्हा माझा निर्णय जवळजवळ झालेला होता. एका विक्रेत्याकडे तीन-तीन वूफरांची (वूफर म्हणजे खर्जाचा आवाज काढणारा मोठा कोन), माणसाच्या छातीएवढी उंच जोडी मी पाहून ठेवली होती. तिच्या पाठीवर ३०० वॅट असे छापलेले होते, आणि आमचा अ‍ॅम्प्लिफायर ३० वॅटचा असल्यामुळे स्पीकर निदान सुरक्षित राहतील, असा माझा हिशेब होता. आपण तो ऐकून घेतलात आणि एवढेच म्हणालात, "वॅट कित्याक बगतंस? आधी ओम बघ." ओम म्हणजे स्पीकर विजेला जो विरोध करतो त्याचे माप. मग अ‍ॅम्प्लिफायर उलटा करून पाठीवरची पुसट अक्षरे मला मोठ्याने वाचायला लावलीत: एकच जोडी जोडली तर ४ ते १६ ओम, दोन्ही जोड्या एकदम चालवल्या तर प्रत्येक स्पीकर किमान ८ ओमचा. चाळीस वर्षे ती अक्षरे आमच्या घरात होती आणि ती कोणी वाचलेली नव्हती. मला ती मोठी, ४ ओमची जोडी माजघरात आणि ८ ओमची एक लहान जोडी पडवीत लावायची होती. ४ आणि ८ ओम समांतर जोडले की अ‍ॅम्प्लिफायरला अडीच-पावणेतीन ओमच दिसतात, विद्युतप्रवाह वाढतो आणि जुने आउटपुट ट्रान्झिस्टर तापत जातात, हे आपण वर्तमानपत्राच्या कडेवर गणित मांडून दाखवलेत. कोकणातल्या मे महिन्यात, दार लावलेल्या कपाटात, तो अ‍ॅम्प्लिफायर किती दिवस टिकला असता याचा विचार मी आजही करतो.

स्पीकरांकडे वळण्यापूर्वी आपण अ‍ॅम्प्लिफायर तपासायला घेतलात, आणि याबद्दल मी आपला सर्वांत अधिक ऋणी आहे. इतकी वर्षे बंद असलेले यंत्र थेट भिंतीतल्या प्लगला न लावता आपण १०० वॅटच्या पिवळ्या बल्बच्या सिरीजमध्ये लावलेत. बल्ब क्षणभर लख्ख पेटला आणि लगेच मंदावला, तेव्हा आत शॉर्ट नाही हे कळले. त्यानंतर स्पीकर न जोडता, आवाजाचे बटण शून्यावर ठेवून, आपण टर्मिनलवर मल्टिमीटर लावलात. डावीकडे १८ मिलिव्होल्ट आणि उजवीकडे १९० मिलिव्होल्ट डीसी, म्हणजे गाणे नसतानाही स्पीकरकडे जाणारी एकदिश वीज, दिसले. ५०च्या आत असेल तर निर्धास्त राहावे, १९०ने स्पीकरमधली तारेची कॉइल लगेच जळत नाही, पण हा आकडा वाढत पुढे बराच चढला तर चांगल्यातला चांगला वूफरही जळू शकतो, असे आपण समजावलेत. पुढच्या रविवारी इनपुटकडची ट्रान्झिस्टरची जोडी बदलून आपण उजवी बाजू १५वर आणलीत.

स्पीकर शोधायला आपण माझ्याबरोबर रत्नागिरीपर्यंत आलात, त्या दिवसाविषयी थोडे अधिक लिहितो. तिथे एका घरी दोन जोड्या विकायच्या होत्या. दिसायला सुंदर होती ती पहिली, पण तिच्या वूफरची कडा फोमची होती. आपण जाळी काढून बोट टेकवताच तिचा चिकट काळा भुगा झाला. दुसरी जोडी साधी, लाकडी खोक्याची, आठ इंची वूफरची आणि रबरी कडेची होती. आपण दोन्ही हातांचे अंगठे कोनच्या समोरासमोरच्या बाजूंना ठेवलेत, कान जवळ नेलात आणि कोन हलकेच आत दाबून सोडलात; कॉइल कुठे घासते का, ते आपण ऐकत होतात. घरातल्या सर्वांनी त्या वेळी बोलणे थांबवले होते. मीटरवर ६ ओम दिसले तेव्हा मी बिचकलो; ८ ओमचा स्पीकर मीटरवर नेहमी थोडा कमीच दाखवतो, कारण मीटर नुसत्या तारेचा रोध मोजतो, हे तेव्हा कळले.

या जोडीची संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच शक्तीवर स्पीकर किती मोठा आवाज काढतो ते माप, ९० डेसिबल होती आणि पहिलीची ८४. तीन डेसिबल वाढले की तेवढ्याच आवाजाला निम्मी शक्ती पुरते, म्हणजे सहा डेसिबलच्या फरकात ३० वॅट जणू १२० वॅटांचे काम करतात. विकत घेण्याआधी हा एक आकडा पाहावा, असे मी आता भेटेल त्याला सांगतो. लहान अ‍ॅम्प्लिफायर मोठ्या, आळशी स्पीकरांवर ताणला की त्याचा आवाज फाटतो आणि त्या फाटण्यात ट्वीटर, म्हणजे उंच स्वर काढणारे लहान स्पीकर, जळतात, हेही आपलेच सांगणे.

एका स्पीकरचा ट्वीटर मंद वाजत होता. खर्ज आणि उंच स्वर वेगळे करून वूफर-ट्वीटरकडे पाठवणाऱ्या क्रॉसओव्हरमधला कंडेन्सर सुकला होता. आपण तो दोन्ही खोक्यांत बदललात, एकाच खोक्यात बदलला तर दोन बाजूंचा स्वर जुळत नाही म्हणून. तरीही गाणे पोकळ, खोलीभर विखुरलेले ऐकू येत होते. आपण बॅटरीतला दीड व्होल्टचा सेल मागितलात आणि वूफरच्या तारांना क्षणभर टेकवलात. डावा कोन बाहेर आला, उजवा आत गेला. पूर्वी कोणीतरी आतल्या तारा उलट जोडल्या होत्या. त्या सुलट करून आपण मोनो ध्वनिमुद्रणातला एक जुना अभंग लावलात, आणि गायकाचा आवाज दोन्ही खोक्यांतून निघून बरोबर मध्ये, रिकाम्या चिऱ्याच्या भिंतीपुढे उभा राहिला. पखवाजाची थाप त्याच्या किंचित मागे होती. तात्या, तो क्षण मी विसरणार नाही.

खाऱ्या हवेने हिरव्या पडलेल्या तारा टाकून आपण सांगितलेली दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घातली आहे. अ‍ॅम्प्लिफायर कपाटातून काढून उघड्या फळीवर ठेवला आहे, आणि पावसात दमट हवा आत साचू नये म्हणून रोज अर्धा तास चालू ठेवतो. वडिलांचे वय आता ८१ आहे. ते संध्याकाळी देवापाशी दिवा लागला की दोन्ही खोक्यांच्या मधोमध खुर्ची ओढून बसतात, आणि डावी-उजवी बाजू सारखी आहे ना, हे रोज एकदा विचारतात.

पडवीसाठी ८ ओमची दुसरी जोडी अजून मिळालेली नाही. ती मिळेपर्यंत आपल्या सांगण्याप्रमाणे दुसरी जोडी चालू करणारे 'बी'चे बटण दाबलेले नाही. चतुर्थीला आपण काकूंसह आमच्याकडे यावे, ही विनंती. आमसुले आणि फणसाची साठे आईने आपल्यासाठी बाजूला काढून ठेवली आहेत.

आपला कृतज्ञ,
वेंगुर्ल्याचा अ‍ॅम्प्लिफायरवाला