शातो गायार पडला तो फक्त संडासातून नव्हे

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीत फ्रान्समधल्या नॉर्मंडीतील शातो गायार या किल्ल्यावर आलेला लेख वाचला. छायाचित्रे सुरेख आहेत, पण शत्रू संडासातून शिरला आणि किल्ला पडला, एवढ्यावरच लेख थांबतो. खरे तर तो वेढा सप्टेंबर १२०३ पासून ६ मार्च १२०४ पर्यंत चालला आणि किल्ला एकामागून एक तीन टप्प्यांत पडला.

इंग्लंडचा राजा रिचर्ड याने सेन नदीवरच्या चुनखडीच्या कड्यावर ११९६ ते ११९८ या दोन वर्षांत, सुमारे १२ हजार पौंड खर्चून तो बांधला. गाभ्यात बालेकिल्ला, त्यापुढे मधला कोट आणि पठाराच्या बाजूला खंदकाने तोडलेला त्रिकोणी बाहेरचा कोट. तिन्ही बाजूंनी उतार असल्याने हल्ला पठाराकडूनच येणार, हे उघड होते. झालेही तसेच. फ्रान्सच्या फिलिप दुसऱ्याच्या माणसांनी खंदक भरत आणून त्रिकोणाच्या टोकाच्या बुरुजाखाली सुरुंग खणला. हा सुरुंग दारूचा नव्हे. पाया पोखरत जायचे, वरचा भार लाकडी टेकूंवर तोलायचा आणि शेवटी टेकूंना आग लावायची. टेकू जळाले की बुरूज आपल्याच वजनाने बसतो.

संडासाची गोष्ट त्यानंतरची, मधल्या कोटाची. रिचर्डनंतर गादीवर आलेल्या जॉनने तटाला लागून एक इमारत बांधली होती, वर प्रार्थनाघर आणि खाली शौचकूप. तिच्या बाहेर उघडणाऱ्या खिडकीतून मूठभर शिपाई आत आले. त्यांना धुराने कोंडावे म्हणून शिबंदीने आग लावली, पण ती पसरली आणि शिबंदीलाच बालेकिल्ल्यात पळावे लागले. खिडकीपेक्षा ही आग महागात पडली, असे मला वाटते.

बालेकिल्ल्याचा तट पाहण्यासारखा आहे. बाहेरून तो अर्धगोल फुगवट्यांची सलग माळ आहे. सपाट भिंत जवळपास नसल्याने दगड घसरून जातो आणि पायथ्याशी लपायला आडोसाही राहत नाही. पण या तटासमोरच्या खंदकात मूळ खडकाचा एक पूल न कापता ठेवला होता. फिलिपचे सुरुंगकरी त्याच पुलाखाली दडून खणू लागले. आतल्यांनी उलटा सुरुंग खणून त्यांना हुसकावले खरे, पण दोन्ही बाजूंनी पोखरलेला तट दगडफेकी यंत्राच्या माऱ्याने कोसळला. मुख्य बुरुजाच्या माथ्यावरून खाली दगड सोडायच्या झरोक्यांचे युरोपात फार कौतुक होते. शिबंदीला तो बुरूज लढवायला वेळच मिळाला नाही.

किल्लेदार रॉजर द लेसीने धान्य वाचवण्यासाठी आश्रयाला आलेल्या गावकऱ्यांना बाहेर काढले होते. पहिल्या टोळ्यांना फ्रेंचांनी जाऊ दिले, नंतरच्यांना अडवले. ती माणसे ऐन हिवाळ्यात दोन फौजांच्या मधे अडकली, कित्येक उपाशी मेली. लेखात याचा उल्लेखही नाही.

आणि छायाचित्राखाली 'तोफांनी उद्ध्वस्त' असे छापले आहे. हे अवशेष तोफांचे नाहीत. फ्रान्सचा राजा चौथा हेन्री याच्या हुकमाने १५९९ नंतर किल्ला पाडायला काढला गेला आणि जवळच्या काप्युसँ साधूंनी तिथले दगड आपल्या मठाच्या कामाला नेले. ओळ दुरुस्त करावी, ही विनंती.

– एक वाचक, नाशिक