तर्क लढवणारे रिकामटेकडे नव्हेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत डिस्नेच्या उद्यानांमधील जुन्या राइडचा कायापालट आणि त्यावरून चाहत्यांत रंगणारे तर्कवितर्क यांवर एक खुसखुशीत टिपण आले होते. टिपण वाचनीय होते यात शंका नाही. मात्र कुंपणाच्या फटीतून डोकावून आत काय होणार याचे अंदाज बांधणाऱ्या मंडळींना त्यात सरसकट रिकामटेकडे ठरवले आहे, ते मला पटले नाही. मी स्वतः डिस्नेचे एकही उद्यान पाहिलेले नाही. परंतु सांगलीच्या गावभागातील एका गणेश मंडळासाठी मी पंचवीसहून अधिक वर्षे हलते देखावे जोडत आलो आहे, आणि माझी भाची फ्लोरिडात राहत असल्यामुळे या राइडची खडान्‌खडा हकीकत मला घरबसल्या मिळत आली आहे. एवढ्या आधारावर हे पत्र लिहीत आहे.

टिपणात ओझरती आलेली 'स्प्लॅश माउंटन' ही राइड १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये सुरू झाली आणि १९९२ मध्ये फ्लोरिडा व टोकियो येथे तिची भावंडे उभी राहिली. ओंडका कोरून केल्यासारखी होडी, डोंगराच्या पोटातून वाहणारा पाण्याचा पाट, दुतर्फा गाणारे यांत्रिक प्राणी आणि शेवटी सुमारे पन्नास फुटांवरून थेट पाण्यात घसरण, असे तिचे स्वरूप होते. कथानक घेतले होते १९४६ च्या 'साँग ऑफ द साउथ' या चित्रपटातून. अमेरिकेतील यादवी युद्धानंतरच्या काळातले तिथल्या दक्षिणेकडील मळ्यांवरचे कृष्णवर्णीयांचे जिणे त्या चित्रपटात सुखासमाधानाचे रंगवले असल्याने त्यावर पहिल्यापासून टीका होत आली, आणि खुद्द डिस्नेनेही अमेरिकेत त्याची व्हिडिओ कॅसेट वा डीव्हीडी कधी काढली नाही. अखेर जून २०२० मध्ये घोषणा झाली की, राइड तीच राहील, पण कथा २००९ च्या 'द प्रिन्सेस अँड द फ्रॉग' या चित्रपटातील टियाना या कृष्णवर्णीय नायिकेची असेल. फ्लोरिडातील डोंगर जानेवारी २०२३ मध्ये आणि कॅलिफोर्नियातील त्याच वर्षी मे अखेरीस बंद झाला. नव्या रूपात ते अनुक्रमे २८ जून आणि १५ नोव्हेंबर २०२४ रोजी उघडले. टोकियोत मात्र जुन्या कथेचा नायक असलेला ससा जुन्याच पाटावर अजून पळतो आहे.

राइड बंद होताच तिथले पाणी बाटल्यांत भरून इंटरनेटवर विकायला काढणारेही निघाले. टिपणकारांनी यावर जरूर हसावे. फक्त हसण्यापूर्वी आपापल्या देवघरातल्या गंगाजलाच्या गडूकडे एकदा पाहावे.

माझे म्हणणे एवढेच आहे की, हे अंदाज हवेत बांधलेले नसतात. फ्लोरिडात बांधकाम सुरू करण्यापूर्वी काउंटीकडे, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाकडे, जी कागदपत्रे दाखल करावी लागतात ती कोणालाही पाहता येतात आणि चाहते ती नेमाने वाचतात. पण कागदांपेक्षाही मोठा आधार म्हणजे यंत्र. देखावा बदलणे स्वस्त नसले तरी पाट, रूळ, लिफ्ट आणि इमारत बदलण्याच्या मानाने ते पुष्कळच स्वस्त पडते, म्हणून जे यंत्र उभे आहे त्याला शोभेल अशीच गोष्ट येणार, हे ज्याने त्या यंत्रात शंभर वेळा बसून घेतले आहे त्याला उमजते. फ्लोरिडातील 'ॲनिमल किंगडम' या उद्यानातल्या डायनासोरच्या राइडचा मार्ग चित्रपटांतला साहसवीर इंडियाना जोन्स याच्या कॅलिफोर्नियातील राइडशी जवळजवळ जुळत होता आणि गाडीही त्याच जातीची होती. तेव्हा आज ना उद्या तिथे इंडियाना जोन्स येणार, असे चाहते वर्षानुवर्षे म्हणत होते. ऑगस्ट २०२४ मध्ये नेमकी तीच घोषणा झाली. फ्लोरिडातल्याच एपकॉट या उद्यानातील नॉर्वेच्या दालनात १९८८ पासून चालणारी वायकिंगांची बोट २०१४ मध्ये थांबली आणि २०१६ मध्ये 'फ्रोझन' या चित्रपटातल्या बहिणींना घेऊन पुन्हा निघाली, तेव्हाही बोटी आणि पाण्याचा मार्ग बदलला नाही. मध्येच उलट्या दिशेने जाण्याची जुनी गंमतसुद्धा राहिली. कॅलिफोर्नियातील कोसळत्या लिफ्टचा मनोरा २०१७ मध्ये 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी' या चित्रपटातल्या अंतराळातील लढवय्यांचा झाला. लिफ्ट कोसळायची ती कोसळतेच.

हे आम्हा देखावेवाल्यांना नवे नाही. आमच्या मंडळाचा मोटेचा देखावा अनेक वर्षे गाजत होता. वर लोखंडी चाक, त्यावरून नाडा, नाड्याच्या एका टोकाला मोट आणि दुसऱ्या टोकाला धावेवर सरकणारी बैलजोडी. गिअरची एकच मोटर, दोन टोकांना मोटर उलटी फिरवणारे दोन लिमिट स्विच. बैल धावेवरून खाली उतरले की मोट वर येऊन थारोळ्यात रिती व्हायची, आणि बैल मागे सरले की ती पुन्हा विहिरीत जायची. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात आमच्या गोदामात पाणी शिरले. कागदाच्या लगद्याचे बैल विरघळून गेले, मोटर जळाली. लोखंडी सांगाडा आणि चाक तेवढे उरले.

पुढे २०२३ मध्ये चांद्रयान चंद्रावर उतरले ते २३ ऑगस्टला, आणि गणेश चतुर्थी होती १९ सप्टेंबरला. महिनाभरही हाताशी नव्हता. कार्यकर्त्यांनी एका बैठकीत ठरवले की, त्याच सांगाड्यावर रॉकेट उडवायचे आणि कोणाला सुगावा लागू द्यायचा नाही. मोटर नव्याने भरून आणली, भोवती ताडपत्री लावली. ताडपत्री लागली की गल्लीतली पोरे खाली वाकून पाहणारच. त्यांतल्या एकाने, वय असेल दहा-अकरा वर्षांचे, मला गाठून सांगितले, "काका, चाक वर दिसतंय, म्हणजे कायतरी वरखाली होणार. रॉकेट करताय ना? मग ते वर गेल्यावर परत खाली कसं येणार?"

मी निरुत्तर झालो. मोट खाली जाते ती पाणी भरायला. तिच्या खाली जाण्याला कारण आहे. रॉकेट मात्र दर दोन मिनिटांनी शेपटीकडून खाली उतरू लागले असते, तर चतुर्थीच्या दिवशीच आमची शोभा झाली असती. आम्ही रॉकेट रद्द केले आणि लँडर केला. तो चंद्रावर सावकाश उतरायचा तेव्हा सगळे दिवे चालू, आणि त्याला वर ओढून घ्यायचे तेव्हा पूर्ण अंधार. देखाव्यातली चूक मंडळाच्या बैठकीत कोणाला दिसली नव्हती, ती ताडपत्रीखालून पाहणाऱ्या पोराला दिसली.

स्प्लॅश माउंटनच्या चाहत्यांचा मुख्य प्रश्न अगदी हाच होता. जुन्या कथेत कोल्हा आणि अस्वल सशाला पकडतात. ससा गयावया करतो की, काहीही करा, पण मला त्या काटेरी झुडपात टाकू नका. ते त्याला नेमके तिथेच फेकतात, आणि ससा जन्मलेला असतो त्याच झुडपांत! होडीची पन्नास फुटांची घसरण म्हणजे सशाचे ते फेकले जाणे. यंत्र आणि गोष्ट यांची इतकी घट्ट गाठ क्वचितच पडते. मग नव्या कथेत कोणी का कोसळावे, असे चाहते विचारत होते, आणि चित्रपटातला मांत्रिक खलनायक पाठलाग करील, त्या धडपडीत होडी घसरेल, असा बहुतेकांचा होरा होता. हा होरा चुकला. नव्या राइडमध्ये खलनायकच नाही. मार्डी ग्रा उत्सवाच्या मेजवानीसाठी वादक प्राणी गोळा करत फिरायचे असते. मात्र सुरू झाल्यानंतर अनेकांनी जी तक्रार केली ती हीच होती की, बाहुल्या सुरेख आहेत, गाणी सुरेख आहेत, घसरण मात्र कथेत मुरत नाही. अंदाज चुकला तरी त्यामागचा प्रश्न बरोबर होता.

दुसरा आक्षेप असा होता की, टियानाची कथा घडते त्या न्यू ऑर्लिन्सच्या सखल प्रदेशात डोंगर आला कुठून. त्यावर डिस्नेने उत्तर दिले की, हा डोंगर म्हणजे मिठाचा घुमट, जमिनीखालून वर उसळलेल्या मिठाच्या साठ्याने झालेला उंचवटा आहे, आणि तिथली जुनी खाण घेऊन टियानाने कामगारांच्या मालकीची खाद्यपदार्थांची सहकारी संस्था काढली आहे. न्यू ऑर्लिन्स ज्या राज्यात आहे त्या लुइझियानात मिठाचे असे घुमट खरोखरच आहेत. सहकारी संस्थांच्या आमच्या जिल्ह्यात भाचीने फोनवर हे वाचून दाखवले तेव्हा घरातल्या सर्वांनी पहिला प्रश्न विचारला तो निवडणूक कधी, हा.

चाहत्यांचे सगळेच मला मान्य आहे असे नाही. बदलाला विरोध करताना काहींनी नायिकेच्या वर्णावरून जी भाषा वापरली ती निषेधार्हच होती. आम्ही 'साँग ऑफ द साउथ' पाहिलेलाच नाही, आम्हाला फक्त होडी ठाऊक, ही त्यांची सबब खरी असेलही. पण ज्यांच्या आजी-आजोबांचे हाल त्या चित्रपटात गोड करून दाखवले, त्यांनी ती होडी का सोसावी? कथा बदलली हे योग्यच झाले. शिवाय जुने ते पवित्र म्हणावे तर स्प्लॅश माउंटनही काही कोरे नव्हते. कॅलिफोर्नियातील तिच्या बाहुल्यांपैकी बऱ्याचशा 'अमेरिका सिंग्स' या १९८८ मध्ये बंद झालेल्या कार्यक्रमातून उचललेल्या होत्या. आमच्याकडेही एका वर्षीचा सुदामा धोतर बदलून पुढच्या वर्षी वारकरी होतोच.

पुरवणीने या मंडळींवर पुन्हा लिहावे, पण लिहिताना त्यांनी वर्तवलेले काय खरे ठरले आणि काय फसले हेही द्यावे, एवढी विनंती आहे.

त्या वर्षी देखाव्याच्या तिसऱ्या रात्री कवलापूरकडचे एक आजोबा नातवाला घेऊन आले होते. त्यांना मोट पाहायची होती. बैल कुठे गेले म्हणून त्यांनी विचारले, तेव्हा मी पुराची हकीकत सांगितली. लँडर दोनदा उतरेपर्यंत ते काही न बोलता उभे राहिले. मग अंधार झाला असताना वर बघत म्हणाले, "चाक मोटंचंच हाय की." मी होय म्हणालो. त्यावर नाडा किती फुटी घेतला आहे, याची त्यांनी चौकशी केली.

कळावे.

आपला विश्वासू,
एक वाचक, गावभाग, सांगली