बाटलीत वाढलेल्या विषाणूचे नाव वाचले जावे: सार्वजनिक आरोग्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय: ग्रामीण भागातून येणाऱ्या नमुन्यांमधील पोलिओव्यतिरिक्त एन्टेरोव्हायरसचा (आतड्यात वाढणाऱ्या, पोलिओच्याच गटातील विषाणूंचा) प्रकार ओळखून तो संबंधित प्राथमिक आरोग्य केंद्रास कळविण्याबाबत.

माननीय महोदय,
सादर नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून 29 वर्षे नोकरी केली. हिवतापाच्या रक्तपट्ट्या रंगवणे आणि थुंकीचे नमुने पाहणे हे माझे रोजचे काम. पण लुळेपणाचा एखादा रुग्ण निघाला की त्याच्या शौचाचे नमुने जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचवण्याची पाळीही अनेकदा माझ्यावरच येई. पंधरा वर्षांखालील कोणत्याही मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला की चौदा दिवसांच्या आत, किमान चोवीस तासांच्या अंतराने, दोन नमुने घ्यायचे, प्रत्येक अंगठ्याच्या पेराएवढा, आणि तो बर्फाच्या पिशव्या घातलेल्या डब्यातून 2 ते 8 अंश तापमानात मुंबईच्या प्रयोगशाळेपर्यंत जाईल हे पाहायचे, असा नियम आहे. तो डबा मांडीवर घेऊन एसटीने जाताना शेजारचा प्रवासी हमखास विचारी, "काय जी, कुल्फी हाय का?" मी मान हलवून खिडकीबाहेर पाहत असे.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी, कपाशीच्या डवरणीच्या दिवसांत, आमच्या केंद्राच्या हद्दीतील चार वर्षांच्या एका मुलाचा डावा पाय असाच लुळा पडला. दोन्ही नमुने वेळेत गेले आणि बर्फही वितळला नाही. काही आठवड्यांनी अहवाल आला तेव्हा त्यात पोलिओ नसल्याचे लिहिले होते आणि पुढे चार अक्षरे होती, एनपीईव्ही, म्हणजे पोलिओ नसलेला एन्टेरोव्हायरस. साठाव्या दिवशीच्या तपासणीत मूल चालत होते, किंचित लंगडत. कागदोपत्री प्रकरण तिथे संपले. मुलाच्या आईने मला विचारले, "मंग काय निघालं जी त्यात?" पोलिओ निघाला नाही एवढेच मी तिला सांगू शकलो, आणि तिच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते.

महोदय, या पत्राचा हेतू कोणत्याही प्रयोगशाळेला दोष देण्याचा नाही. पोलिओ शोधण्याचे काम या व्यवस्थेने ज्या काटेकोरपणाने केले, त्याचेच फळ म्हणून देशातील रानटी पोलिओचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावड्यात सापडला आणि 27 मार्च 2014 रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या दक्षिण-पूर्व आशिया विभागाला, म्हणजे आपल्यालाही, पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. माझे म्हणणे त्याच्या पुढचे आहे. नमुना प्रयोगशाळेत पोहोचल्यावर तो वेगवेगळ्या बाटल्यांत वाढवलेल्या दोन प्रकारच्या पेशींवर टाकला जातो. त्यांपैकी एक पेशी माणसाच्या गाठीतून मिळवलेली असून तिच्यावर अनेक प्रकारचे एन्टेरोव्हायरस वाढतात. दुसरी उंदराची पेशी आहे, जिला पोलिओच्या विषाणूला धरण्यासाठी लागणारा मानवी दुवा मुद्दाम जोडलेला आहे, त्यामुळे तिच्यावर मुख्यतः पोलिओच वाढतो. पहिल्या बाटलीतील पेशी मेल्या आणि दुसऱ्या बाटलीतील शाबूत राहिल्या, तर विषाणू आहे पण तो पोलिओ नाही, असा निष्कर्ष निघतो. म्हणजे "एनपीईव्ही" हा शेरा लिहिला जातो त्या क्षणी तो विषाणू जिवंत, वाढलेला, बाटलीत हाताशी असतो. गावातून एसटीने, तालुक्यातून जिल्ह्याला आणि तिथून मुंबईला बर्फात गेलेल्या वस्तूवरचा सर्व खर्च आणि सर्व कष्ट तोवर झालेले असतात. राहिलेले असते फक्त त्याचे नाव वाचणे.

नाव वाचण्याने काय साधते, असे आपले अधिकारी विचारतील, म्हणून या विषाणूंबद्दल थोडे सविस्तर लिहितो. पोलिओ ज्या कुळात मोडतो त्याला पिकोर्ना म्हणतात. पिको म्हणजे अगदी लहान आणि पुढे आरएनए (विषाणूचा जनुकीय धागा), असे ते जोडनाव आहे. नाव सार्थ आहे: हा विषाणू सुमारे 30 नॅनोमीटरचा, म्हणजे एका मिलिमीटरवर असे तेहतीस हजार एका ओळीत बसतील. त्याच्या आरएनएच्या धाग्यात साधारण साडेसात हजार अक्षरे असतात; कोरोनाच्या विषाणूत तीस हजारांच्या आसपास होती. या कुळात पोलिओ आहे, साध्या सर्दीचे ऱ्हायनोव्हायरस आहेत, लहान मुलांच्या हाता-पायांवर आणि तोंडात फोड आणणारे कॉक्सॅकी आणि एन्टेरोव्हायरस 71 आहेत, डोळे येण्याची साथ आणणारा एन्टेरोव्हायरस 70 आहे, आणि एका प्रकारची कावीळ आणणारा हिपॅटायटिस ए सुद्धा आहे.

या कुळाची वर्गवारी सातबाऱ्यासारखी आहे, म्हणजे फेरफार सतत चालू असतात. पूर्वी नमुना उंदराच्या नवजात पिलात टोचत आणि पिलू लुळे पडले तर कॉक्सॅकी ए, ताठरले तर कॉक्सॅकी बी, अशी विभागणी करीत. न्यूयॉर्क राज्यातील ज्या गावच्या मुलांत 1948 मध्ये कॉक्सॅकी विषाणू सापडला, त्या गावाचे नाव त्याला कायमचे लागले. पेशींवर वाढणारे पण कोणत्याच रोगाशी संबंध न लागलेले विषाणू "अनाथ" ठरवून इको या गटात टाकले गेले. पुढे नावांची गर्दी झाली तेव्हा नव्या विषाणूंना 68 पासून नुसते क्रमांक देणे सुरू झाले. मग चुका उघड होऊ लागल्या: इको 22 आणि 23 हे एन्टेरोव्हायरस नव्हतेच, त्यांचे पॅरेकोव्हायरस असे वेगळे घर करावे लागले, हिपॅटायटिस ए ला आधी एन्टेरोव्हायरस 72 हा क्रमांक दिला होता, तोही काढून त्याची हिपॅटोव्हायरस अशी स्वतंत्र नोंद झाली, उलट सर्दीचे ऱ्हायनोव्हायरस, ज्यांचे घर वेगळे मानले जात होते, ते एन्टेरोव्हायरसच्याच घरात आणले गेले. आता विषाणूच्या कवचातील व्हीपी1 या प्रथिनाचा जनुकीय क्रम वाचून प्रकार ठरवला जातो, त्यामुळे उंदराच्या पिलांची गरज राहिलेली नाही आणि वादही बरेच मिटले आहेत. माणसाला बाधणाऱ्या एन्टेरोव्हायरसच्या ए, बी, सी आणि डी अशा चार जाती ठरल्या असून ऱ्हायनोव्हायरसच्या तीन वेगळ्या आहेत.

यातील सी या जातीकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. पोलिओचे तिन्ही प्रकार याच जातीत आहेत आणि त्यांच्याबरोबर कित्येक कॉक्सॅकी ए विषाणूही आहेत. तोंडावाटे दिलेल्या पोलिओ लसीतला दुबळा केलेला जिवंत विषाणू, लसीकरण अपुरे असलेल्या वस्तीत दीर्घकाळ फिरत राहिला तर पुन्हा लुळेपणा आणण्याइतका बदलू शकतो, आणि अशा बदललेल्या विषाणूंच्या धाग्यात अनेकदा याच जातीतील इतर विषाणूंचे तुकडे जोडलेले आढळले आहेत. तेव्हा आमच्या वस्त्यांत सी जातीचे कोणते विषाणू फिरत आहेत ही माहिती पोलिओच्या कामाबाहेरची नाही. "पोलिओ नाही" असे म्हणून ती टाकून देणे मला तरी परवडणारे वाटत नाही.

आता अंगणवाडीकडे वळतो. पावसाळ्यात आमच्याकडे दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या तळहातांवर, तळपायांवर आणि ओठांच्या आत फोड येतात. घरचे लोक "माता आली" म्हणतात, दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधतात आणि सुई टोचू देत नाहीत. केंद्राच्या नोंदवहीत "ताप व पुरळ" एवढेच लिहिले जाते. बहुतेक मुले आठ-दहा दिवसांत बरी होतात, हे खरे. पण हाच आजार कॉक्सॅकी ए 16 ने झाला तर सहसा सौम्य असतो आणि एन्टेरोव्हायरस 71 ने झाला तर क्वचित मेंदूपर्यंत जातो. तैवानमध्ये 1998 च्या साथीत 78 मृत्यू झाले. 1975 साली बल्गेरियात याच 71 क्रमांकाच्या विषाणूची साथ प्रथम पोलिओची समजली गेली होती. फोड पाहून दोघांत फरक करता येत नाही. चीनमध्ये एन्टेरोव्हायरस 71 विरुद्धची लस वापरात आहे, आणि ती कॉक्सॅकीपासून संरक्षण देत नाही. उद्या अशी लस आपल्या वेळापत्रकात घ्यावी की नाही याचा विचार करायचा झाला, तर महाराष्ट्रात कोणता प्रकार किती आहे, हे सांगायला आपल्याकडे नोंद हवी. 2022 साली केरळातून "टोमॅटो फ्लू" नावाची घबराट पसरली, वर्तमानपत्रांत लाल फोडांची छायाचित्रे झळकली आणि आमच्या आठवडी बाजारात लोक टोमॅटोला हात लावीनासे झाले. केरळातून परतलेल्या मुलांचे नमुने परदेशात तपासले तेव्हा तो जुनाच कॉक्सॅकी ए 16 निघाला. टोमॅटो विकणाऱ्या बाईचे जे नुकसान झाले ते मात्र कोणी भरून दिले नाही.

मी पाहिलेल्या एका अंगणवाडीत खिडकीत कोरोनाच्या काळातील सॅनिटायझरची पाच लिटरची कॅन अजून होती आणि सेविकाताई प्रत्येक मुलाच्या हातावर त्याचे थेंब घालत होत्या. त्यांचा काही दोष नाही, त्यांना तेच शिकवले गेले होते. कोरोनाच्या विषाणूला स्निग्ध आवरण असते आणि अल्कोहोल ते फोडते. पिकोर्ना कुळातील विषाणूंना तसे आवरणच नसते, त्यामुळे सॅनिटायझर त्यांच्यावर पुरेसा परिणामकारक ठरत नाही. तिथे साबण, वाहते पाणी आणि क्लोरीन यांचाच उपयोग होतो. विषाणूचे कूळ माहीत असणे म्हणजे काय, याचे याहून साधे उदाहरण मला देता येणार नाही: ते माहीत असते तर त्या खिडकीत कॅनऐवजी साबणाची वडी असती.

पाण्याचेही तेच. काविळीची साथ आली की गावात एकच शब्द असतो, कावीळ. आणि कामाच्या घाईत आमच्या कागदांवरही तेवढाच राहतो. वस्तुतः दूषित पाण्यातून येणाऱ्या काविळीचे दोन मुख्य विषाणू आहेत, दोघेही आरएनएचे, दोघेही आकाराने साधारण सारखे, परंतु हिपॅटायटिस ए पिकोर्ना कुळातला आणि हिपॅटायटिस ई सर्वस्वी निराळ्या कुळातला. लहानपणी ए होऊन गेलेल्यांना तो पुन्हा होत नाही. ई मात्र गरोदर स्त्रीला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेततो. साथीच्या पहिल्या आठवड्यात या दोहोंची वेगळी तपासणी झाली आणि ई निघाला, तर आशाताईंना कोणत्या घरात आधी जायचे ते कळते. आणि क्लोरीनबद्दल सांगायचे तर, पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नळाच्या शेवटच्या टोकाला किमान 0.2 मिलिग्रॅम प्रतिलिटर मुक्त क्लोरीन असावे असे आहे, पण विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेव्हा ते किमान 0.5 असावे, असेही त्याच मानकात लिहिले आहे. आमच्याकडे जलसुरक्षक ओटी तपासणी (पाण्यात क्लोरीन असल्यास पिवळा रंग देणारी चाचणी) करतो, पाणी पिवळे झाले की वहीत "पॉझिटिव्ह" लिहितो आणि पुढच्या घरी जातो. ते पिवळे 0.2 चे की 0.5 चे, हे कोणी पाहत नाही. शिवाय टीसीएलची (पाणी शुद्ध करण्याच्या ब्लीचिंग पावडरची) गोणी ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात तोंड उघडी पडलेली असेल, तर तिच्यात क्लोरीन किती उरले आहे हा प्रश्न वेगळाच.

एका गोष्टीची कबुली मला आधीच दिली पाहिजे. लुळ्या पडलेल्या मुलाच्या शौचात एन्टेरोव्हायरस सापडला म्हणजे त्यानेच पाय लुळा केला, असे सिद्ध होत नाही. धडधाकट मुलांच्या पोटातही हे विषाणू कित्येकदा असतात, विशेषतः पावसाळ्यात. एका मुलाच्या अहवालावरून काही ठरवता येत नाही, म्हणूनच मी एका अहवालाची मागणी करीत नाही. एकाच महिन्यात मारेगाव, झरी आणि पांढरकवड्याकडच्या मुलांत एकच प्रकार दिसू लागला, तरच त्याला अर्थ येतो, आणि तो दिसण्यासाठी प्रत्येक वेळी नाव वाचून ठेवावे लागते.

यासाठी प्रत्येक आरोग्य केंद्रात नवे यंत्र नको आहे. पोलिओच्या तपासणीत वाढलेल्या आणि "एनपीईव्ही" शेरा मिळालेल्या प्रत्येक विषाणूचा व्हीपी1 क्रम वाचला जावा. फोडांच्या प्रत्येक साथीतून तीन-चार मुलांचे नमुने घेतले जावेत. आणि निकाल जिल्ह्यात फायलीत न ठेवता ज्या केंद्राने नमुना पाठवला त्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे, दोन ओळींच्या मराठी खुलाशासह, परत यावा. तिसरी गोष्ट सर्वांत स्वस्त आहे आणि माझ्या अनुभवानुसार तीच सर्वांत आधी विसरली जाते. क्रम वाचण्याची सोय विदर्भातही आहे: कोरोनाच्या काळात नागपूरच्या नीरीने (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने) असे काम केले, आणि 11 डिसेंबर 2022 रोजी माणूस, प्राणी आणि पर्यावरण यांच्या आरोग्याचा एकत्र विचार करणाऱ्या राष्ट्रीय 'वन हेल्थ' (एक आरोग्य) संस्थेची कोनशिलाही नागपुरातच बसवली गेली. 1965 साली नागपूरकडच्या चांदीपुऱ्यातील रुग्णांच्या रक्तात सापडलेला विषाणू आज जगभर त्या वस्तीच्या नावाने ओळखला जातो. तो वेगळ्या कुळातला, वालुमाशीने पसरणारा, परंतु त्याचे नाव ठरले कारण कोणीतरी साध्या तापाचे रक्त "ताप" एवढ्यावर सोडून दिले नाही.

त्या मुलाच्या नमुन्याचा क्रमांक माझ्या जुन्या डायरीत आहे. आपल्या कार्यालयाने मागितल्यास मी तो त्वरित पाठवीन. बाटली शीतपेटीत जपून ठेवलेली असेल तर तिच्यातील विषाणूचा प्रकार आजही वाचता येईल, आणि तो मला कळला तर त्याच्या आईला मी स्वतः घरी जाऊन सांगेन. मुलगा आता सातवीत आहे आणि घर आमच्या गावापासून दोन कोसांवर आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
जिल्हा यवतमाळ