साउंडिंग रॉकेटांना वेळापत्रक द्या : केंद्रीय राज्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. डॉ. जितेंद्र सिंह,
राज्यमंत्री, अंतराळ विभाग व पृथ्वी विज्ञान मंत्रालय,
नवी दिल्ली

महोदय, सादर नमस्कार.

वरच्या वातावरणाच्या अभ्यासासाठी साउंडिंग रॉकेटची (मोजणीची उपकरणे वर नेऊन काही मिनिटांत खाली पडणाऱ्या लहान रॉकेटची) उड्डाणे केव्हा होणार आणि त्यांत कोणाला किती जागा मिळणार, हे दीड-दोन वर्षे आधी जाहीर व्हावे, एवढ्यासाठी हे पत्र आहे. अंतराळ आणि पृथ्वी विज्ञान ही दोन्ही खाती आपल्याकडे आहेत आणि हा प्रश्न नेमका त्या दोहोंच्या मध्ये पडतो, म्हणून पुण्याहून थेट आपल्यालाच लिहीत आहोत.

हवामान खात्याचा रेडिओसोंड (हवेची मोजमापे रेडिओने पाठवणारे उपकरण) नेणारा फुगा तीस-पस्तीस किमीवर फुटतो. प्लास्टिकचे मोठे संशोधन-फुगे चाळीसच्या आसपास पोचतात. कोल्हापूरचा एमएफ (मध्यम वारंवारतेच्या रेडिओलहरींचा) रडार वारे मोजतो, पण साधारण 80 किमीच्या वर. उपग्रह 150 किमीच्या खाली टिकत नाहीत, हवेच्या घर्षणाने लगेच कोसळतात. म्हणजे 40 ते 80 किमी या पट्ट्यात, वरच्या स्थितांबरात आणि त्यावरच्या मध्यांबरात, वारा प्रत्यक्ष मोजायचा तर रॉकेटला पर्याय नाही. उपग्रहाने मोजलेल्या तापमानावरून वारा काढता येतो हे खरे, पण ते गणित पृथ्वीच्या परिवलनातून येणाऱ्या कोरिऑलिस बलावर उभे असते आणि विषुववृत्ताकडे जाताना ते बल शून्याकडे जाते. युरोपात चालणारी युक्ती केरळावर चालत नाही. पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत किंवा इतरत्र चालणाऱ्या हवामानाच्या संगणकीय प्रारूपांना या उंचीवर पडताळायला हाताशी फार थोडे असते.

एके काळी हे काम नेमाने होत असे. 21 नोव्हेंबर 1963 रोजी केरळातल्या थुंबा प्रक्षेपण केंद्राहून पहिले रॉकेट, अमेरिकन बनावटीचे नाइकी-अपाची, उडाले. पुढे सोव्हिएत एम-100 रॉकेटे दर आठवड्याला उडू लागली. ती नियमितता होती म्हणूनच उष्ण कटिबंधावरच्या वाऱ्यांची सहामाही उलटापालट आकड्यांत पकडता आली. आज आपल्याकडे रॉकेटांची वाण नाही. इस्रोच्या रोहिणी मालिकेतले आरएच-200 दहा किलोचा पेलोड (सोबत नेलेली उपकरणे) 80 किमीपर्यंत नेते, आरएच-300 मार्क-2 साठ किलो 160 किमीपर्यंत आणि आरएच-560 मार्क-2 शंभर किलो 470 किमीपर्यंत. नोव्हेंबर 2022 मध्ये आरएच-200 चे सलग दोनशेवे यशस्वी उड्डाण झाले. इतके भरवशाचे वाहन हाताशी असताना विद्यापीठातल्या संशोधकाला प्रस्तावातल्या ‘उड्डाण केव्हा’ या रकान्यात महिना लिहिता येत नाही. महिना नाही म्हणून निधी नाही आणि निधी नाही म्हणून विद्यार्थी टिकत नाही.

दीड-दोन वर्षे आधी का कळायला हवे, म्हणजे उपकरण तयार करायला वेळ एवढा का लागतो, हे थोडे खोलात सांगायला हवे. 160 किमीपर्यंत जाणारे रॉकेट 90 किमीच्या वर जेमतेम चार मिनिटे असते. 90 किमी ओलांडताना त्याचा वेग सेकंदाला अकराशे मीटरच्या घरात असतो, म्हणजे सेकंदाला शंभर नोंदी घेतल्या तर दर अकरा मीटरला एक नोंद मिळते. उपकरणाला दुसरी संधी नाही आणि पेलोड समुद्रात पडतो, त्यामुळे काय बिघडले ते उघडून पाहताही येत नाही. बिघडते ते बहुधा ठरलेल्या जागी. फोटोमल्टिप्लायरसारख्या (अगदी मंद प्रकाश टिपणाऱ्या) भागाला हजार-दीड हजार व्होल्ट लागतात. 50 किमीच्या आसपास हवेचा दाब एक मिलिबारच्या जवळ येतो आणि या दाबाला एक सेंमी अंतरात साडेतीनशे व्होल्टच्या आतही ठिणगी पडते. जमिनीवर आणि निर्वातात उत्तम चाललेले सर्किट नेमके मधल्या वाटेत जळते. उपाय माहीत आहेत : जोड सिलिकॉनमध्ये एकही बुडबुडा न राहता ओतायचे, पेटीला हवा निघून जाण्यासाठी भोके ठेवायची आणि उच्च व्होल्टेज टायमरने 90 किमीच्या पुढेच सुरू करायचे. पण हे सारे निर्वात पेटीत दाब हळूहळू उतरवत पुन्हा पुन्हा तपासावे लागते.

लँगम्यूर प्रोबचे, म्हणजे आयनांबरातल्या (वरच्या विद्युतभारित हवेतल्या) इलेक्ट्रॉनांची घनता मोजणाऱ्या साधनाचे, दुखणे वेगळे. प्रोब रॉकेटच्या अंगाला चिकटून राहिला तर रॉकेटमागच्या पोकळीत शिरतो आणि रॉकेटच्या स्वतःभोवतीच्या प्रत्येक फेरीला करंट खाली येतो. मग आलेखात आयनांबराऐवजी रॉकेटची फिरकीच दिसते. म्हणून तो बूमवर (वर गेल्यावर बाहेर उघडणाऱ्या दांडीवर) लांब न्यावा लागतो. दोन बूमपैकी एकच उघडला तर पेलोड डळमळू लागतो. बूम उघडल्याची खूण देणारा मायक्रोस्विच, आतला दाब, बॅटरीचे व्होल्टेज आणि उच्च व्होल्टेजची नोंद हे चार चॅनेल प्रत्येक पेलोडला टेलिमेट्रीत (रेडिओने जमिनीवर येणाऱ्या नोंदींत) सक्तीने मिळावेत, ही आमची आग्रहाची मागणी आहे. त्यांच्याशिवाय फसलेल्या उड्डाणातून काहीच शिकता येत नाही. आणि पहिल्या उड्डाणात काहीतरी फसणार हे धरून त्याच उपकरणाच्या जुळ्या प्रतीला दुसरे उड्डाण पहिल्याच मंजुरीत मिळावे.

वेळापत्रकात एकच तारीख देऊन भागणार नाही. या रॉकेटांना सुकाणू नसते. लाँचर सोडताना वेग कमी असल्यामुळे जमिनीलगतचा वाराच त्यांना सर्वांत जास्त वळवतो. तो मोजून लाँचरचा कोन आणि दिशा बदलतात आणि वारा मर्यादेबाहेर गेला तर उड्डाण थांबवतात. त्यात मासेमारी नौकांना आणि विमानांना आगाऊ सूचना द्याव्या लागतात. म्हणून वर्षातून दोनदा दहा-बारा दिवसांचा अवधी राखून ठेवावा. एक मार्चमध्ये. दुसरा जुलै-ऑगस्टमध्येच हवा, कारण मान्सून चालू असताना वरची हवा काय करते ते तेव्हाच कळेल, मग त्यापायी दोन-चार दिवस खोळंबा झाला तरी चालेल.

याबरोबर एक पुस्तिका जाहीर व्हावी : पेलोडच्या कप्प्याचा व्यास व उंची, बोल्टांच्या जागा, मिळणारे व्होल्टेज, टेलिमेट्रीचा वेग, कंपनाची पातळी, फिरकीचा वेग. स्वीडन आणि जर्मनीच्या रेक्सस या विद्यार्थ्यांसाठीच्या रॉकेट कार्यक्रमात विद्यार्थ्यांना हे आधीच ठाऊक असते आणि त्यावर बेतून ते घरी पेटी बांधतात. कंपन-चाचणीची टेबले पुण्याच्या वाहन उद्योगात आहेत. उणीव आहे ती निर्वात पेटीची. तशी एक सामायिक पेटी पुण्यात मिळाली तर महाराष्ट्रातल्या सगळ्यांचीच सोय होईल.

खासगी कंपन्यांबद्दलही लिहायला हवे. 18 नोव्हेंबर 2022 रोजी स्कायरूट या खासगी कंपनीचे विक्रम-एस रॉकेट 89.5 किमीपर्यंत गेले. ती वाहनाची चाचणी होती. अशी क्षमता संशोधनाच्या कामी यायची असेल तर सरकारने ग्राहक व्हावे : पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने इन-स्पेस (खासगी अंतराळ उद्योगाला परवानगी व चालना देणारी सरकारी संस्था) मार्फत ठरावीक उंची, वजन आणि महिना यांसाठी उड्डाणे विकत घ्यावीत आणि पैसे पेलोड त्या उंचीवर पोचल्यावर द्यावेत. मध्यांबरासाठी 90 किमी पुरतात. थुंब्यावरचा विषुववृत्तीय विद्युत्झोत (आयनांबरात विषुववृत्तालगत वाहणारा जोरदार विद्युतप्रवाह) मात्र 105 किमीच्या आसपास वाहतो, तिथे निदान 130 किमी जाणारे वाहन लागेल. निविदेत हा फरक स्पष्ट असावा, नाहीतर स्वस्त पण उपयोग नसलेले उड्डाण पदरात पडेल.

21 मे 2031 रोजी कंकणाकृती सूर्यग्रहण दक्षिण भारतावरून जाणार आहे, तेही भर दुपारी, जेव्हा विद्युत्झोत जोरात असतो. 15 जानेवारी 2010 च्या ग्रहणात इस्रोने रॉकेटे सोडली होती. या वेळी ग्रहणाआधी, मध्यावर आणि नंतर अशी निदान तीन आणि तुलनेसाठी दुसऱ्या एका दिवशी त्याच वेळी एक, इतकी तरी हवीत. तीच उपकरणे 2029 मध्ये एकदा उडून तपासलेली असावीत. म्हणजे प्रस्ताव मागवणारे आवाहन 2027 मध्ये निघायला हवे.

आपले नम्र,
पुण्यातील वातावरण-विज्ञान व उपकरण-निर्मितीतील संशोधक